संचिताचं गाऱ्हाणं

मसुरे,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय सत्या,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते. फोनच्या जमान्यात पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझा आवाज चढला की माझी बोलती बंद होते, आणि मला या वेळी सगळं बोलायचं आहे.

आधी इकडची खबर. पाच दिवसांचे गणपती छान झाले. तुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पूजा शेजारच्या दत्ताराम काकांनी केली. काका मंत्र अर्धे गिळतात, मोदक मात्र पूर्ण गिळतात. शर्मिला काजूच्या कारखान्यातून दमून यायची तरी रोज एकवीस मोदक वळायची. तुझ्या बायकोच्या हातच्या मोदकांना कळ्या काय सुरेख पडतात रे! तिला कधी सांगितलं होतंस का?

संचिता इथल्या शाळेत चौथीत रमली आहे. एप्रिलमध्ये मायलेकी माझ्याकडे आल्या तेव्हा नुसतं भांडं पडलं तरी पोर कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरायची. रोज अंथरूण ओलं. मी काही न बोलता चादर वाळत घालायची. मग शाळेच्या प्राजक्ताबाईंनी तिचं दुखणं ओळखलं. सुट्टीत झाडांना पाणी घालायला तिला जवळ ठेवून घेतलं आणि ओरोसच्या एका समुपदेशक ताईंशी गाठ घालून दिली. महिन्यातून दोनदा मी तिला एसटीने नेते, येताना आम्ही दोघी भजी खातो. घरात जे झालं त्यात तिचा दोष नव्हता, हे त्या ताई तिला दर वेळी सांगतात. आता तिला ते थोडं थोडं पटायला लागलंय.

आणि यंदा आरतीत झांज कोणी वाजवली असेल? आपल्या संचिताने! इतकी, की यशोदा काकी ओरडली, "गो बाय, हळू वाजय, देवाचे कान फुटतले!" मी हसता हसता रडले.

आता मूळ गोष्टीवर येते. किती वेळ मोदकांबद्दल लिहीत बसू?

दिवाळीला येऊन दोघींना घेऊन जाणार म्हणालास. ते संचिताने ऐकलं होतं. विसर्जनाच्या दिवशी आरतीनंतर दत्ताराम काका सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. वाडीतली पंचवीसएक माणसं होती. काकांची सवय तुला ठाऊक आहे. शेवटी विचारतात, "कोणाचा काय मागूचा रवला आसा?" मग कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाची गाभण गाय. यंदा झांज हातात धरून संचिता म्हणाली, "देवा, बाबाक हंय येवक देऊ नको. तो आयेक मारता."

काका थांबलेच नाहीत. त्याच सुरात पुढे म्हणाले, "बा देवा महाराजा, जोपर्यंत ह्या चेडवाच्या बापाशीचो हात आवरणा नाय, तोपर्यंत तेका ह्या उंबऱ्याच्या भायरच ठेव रे महाराजा!"

आणि सगळे सवयीने, एका आवाजात, "व्हय महाराजा!"

म्हणून झाल्यावर लोकांना कळलं, आपण काय म्हणालो ते. शर्मिला मान खाली घालून उभी. तेव्हा काका तिला म्हणाले, "चेडवा, वर बघ. लाज तुका कित्याक?" तिने वर बघितलं. त्या दिवसापासून वाडीतली कोणी ना कोणी बाई संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसते. घर भरलेलं असतं.

सत्या, मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईला आले होते तेव्हा मी शर्मिलाचा दंड पाहिला होता. काळानिळा होता. मी तिला म्हणाले, जमवून घे. त्याची मला फार लाज वाटते. तरी ती आली माझ्याकडेच.

आपले बाबा आईला मारायचे तेव्हा आपण काजूच्या झाडामागे लपायचो, आठवतं? तू सात वर्षांचा होतास. माझ्याहून लहान, तरी माझ्या कानांवर हात ठेवायचास. तुझे कान उघडेच राहायचे. वाडीला तेव्हाही सगळं ऐकू जायचं. पण आपल्यासाठी कोणी गाऱ्हाणं घातलं नाही.

म्हणून सांगते, दिवाळीला येऊ नकोस. घर तुझंही आहे, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, मला ठाऊक आहे. तरी येऊ नकोस. हात आवरायला मदत करणारी माणसं मुंबईत आहेत. ओरोसच्या ताईंनी दिलेला नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. त्यांच्याकडे जा. एकदा जाऊन सोडू नकोस, जात राहा. फराळ पाठवीन. चकल्या माझ्या हातच्या, म्हणजे दात सांभाळ.

पंचवीस माणसांत ताई काय म्हणाली, असं तुझ्या मनात येईल. मीही म्हणाले, सत्या. सवयीने नाही.

जिच्या कानांवर तू हात ठेवायचास, ती
तुझी ताई,
नर्मदा