मनगटावरचा शांत माणूस

२ मार्च, सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. वाचली तर हात तोडीन. (गमतीत.)

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो, पुढे कुणी उलटसुलट बोलायला नको. ही गेले तीन आठवडे लेकीकडे राहते आहे. लेकीचं म्हणणं, बाबांच्या घरी बाळाला आणायची भीती वाटते. का, तर मी टीव्हीचा रिमोट भिरकावला. दाबून दाबून अंगठा सुजला तरी चॅनल बदलत नसेल तर माणसानं काय रिमोटचा मुका घ्यायचा? शिवाय तो पाळण्याला लागला नाही. चांगला वितभर लांबून गेला. नात झोपेतून उठलीसुद्धा नाही. पण या घरात पुराव्याला किंमत नाही.

तर लेकीची अट अशी. चाळीस दिवस मनगटावर स्मार्ट घड्याळ. ते नाडी मोजतं, ताण मोजतं आणि सगळं परस्पर लेकीच्या फोनवर कळवतं. चाळीस दिवस ताण हिरव्यात राहिला तर अकरा एप्रिलला लेक, ही आणि पिल्लू महिनाभर राहायला येणार. आकडा लाल झाला की मोजणी पुन्हा एकपासून.

सोपं आहे. मी मुळात शांत माणूस. वस्तू हलकट असतात, त्याला मी काय करू?

२ मार्च, सकाळी ७.५०

घड्याळ फोनला जोडताना पासवर्ड मागितला. बारा वेळा दिला. बाराही वेळा चुकीचा म्हणाला. ताण: लाल. ही सुरुवात धरायची नाही, असं लेकीला कळवलं. तिनं एकदाच म्हणून ऐकलं.

४ मार्च

मी चष्मेवाला. तीस वर्षं मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवतो आहे. दुकानात माझ्यासारखा मऊ माणूस मिळणार नाही. आज डोळे तपासायचं मशीन मध्येच अडकलं, म्हणून कडेनं एक चापट मारली. गिऱ्हाईक बाईंची हनुवटी अजून मशीनवर होती, हे लक्षात राहिलं नाही. जीभ चावली गेल्यामुळे त्यांना नीट ओरडता आलं नाही, ते एक बरं झालं. चष्म्याची डबी फुकट दिली.

मनगट थरथरलं. दीर्घ श्वास घ्या म्हणे. पाठोपाठ लेकीचा फोन, काय फोडलंत? काही नाही, असं खरं तेच सांगितलं. दात शाबूत होते.

मोजणी पुन्हा एकपासून की काय, यावर वाद. हिनं मागून काहीतरी म्हटलं. शेवटी सवलत मिळाली, पण शेवटची.

५ मार्च

मन रमवायला लेकीनं मजेशीर वेबसाइट्सची यादी पाठवली. एकीवर प्लास्टिकचे फुगे बोटानं फोडायचे. एकीवर निळा गोळा मोठा होतो, लहान होतो, आपण तसा श्वास घ्यायचा. एकीवर जंगलातली पाखरं ऐकायची.

निळ्या गोळ्यासमोर बसलो. मोठा झाला, श्वास घेतला. तिथंच नेट गेलं. गोळा मोठाच राहिला आणि मी श्वास धरून. किती वेळ धरायचा याला काही मर्यादा? माउस भिंतीवर आपटला. भिंतीला काही झालं नाही.

आकडा नारिंगी. लालच्या काठावरून परत आलो. अशानं माझं काही खरं नाही.

६ मार्च, सकाळी

युक्ती सुचली! इतकी साधी की आधी कशी सुचली नाही.

घड्याळाला कुठं माहीत आहे मनगट कुणाचं?

६ मार्च, दुपारी

अण्णा. माझे वडील. वय त्र्याऐंशी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, कानानं कमी ऐकतात, घर पेटलं तरी आधी चहा संपवतील. घड्याळ त्यांच्या हातात बांधलं. तुमच्यासाठी आणलं, असं सांगितलं. त्यांनी बराच वेळ मनगट फिरवून पाहिलं. मग शेजारच्या मावशींना बोलावून दाखवलं, मुलानं दिलं म्हणून. जरा कसंतरी वाटलं. पण वस्तू त्यांच्याच हातात आहे, तेव्हा खोटं असं काही बोललो नाही.

नाडी चोपन्न. ताण: हिरवा. गडद हिरवा!

९ मार्च

लेक खूश. बाबा, तुम्ही इतके शांत कसे झालात, असं विचारत होती. मी म्हटलं, निश्चय. माणसानं मनावर घेतलं की होतं. बोलताना माझाच मला अभिमान वाटला.

आता शिस्तीत राहायचं. उद्यापासून एकही वस्तू फोडायची नाही. खरंच फोडायची नाही.

१० मार्च

बोलका स्पीकर बादलीत बुडवला. मी पाखरं लाव म्हटलं, त्यानं बँड लावला. बंद कर म्हटलं तर आवाज वाढवला. मानगूट धरून पाण्याखाली दाबला. आतून आणखी दोन वाक्यं बोलला. दुसऱ्या वाक्यात माफी मागत होता, पण तोवर उशीर झाला होता.

ताण: हिरवा.

१३ मार्च

यादीत नसलेली एक वेबसाइट माझी मीच शोधली. पडद्यावर एक ऑफिस असतं. हातात हातोडा मिळतो. प्रिंटर, कॉम्प्युटर, काचेची टेबलं, वाट्टेल ते फोडा. काचेचा आवाज काय सुरेख दिलाय! आणि शेवटी जगात आपला कितवा नंबर ते सांगतात. माझा नऊ हजार चारशेवा. पहिलाच दिवस म्हणून ठीक.

आता सगळा राग तिथं काढायचा, घरात शून्य. विज्ञानाचा असा उपयोग केला पाहिजे.

१७ मार्च

नंबर सहाशे बारा.

लेकीला शंका. दिवसाला एकशे नव्वदच पावलं कशी? दुकानात काउंटरमागे उभा असतो म्हटलं. झोप सोळा तास? म्हटलं, मन स्वच्छ असलं की लागते. घड्याळाच्या अ‍ॅपनं माझं शारीरिक वय ब्याऐंशी काढलं. मी छप्पन्नचा! मुडदा बशिवला त्या अ‍ॅपचा. अब्रू गेली, पण आकडा हिरवा आहे म्हणून गप्प बसलो.

२० मार्च

अण्णा हल्ली संध्याकाळचे फिरायला जात नाहीत. पत्ते खेळायला मित्र आले होते, त्यांनाही दारातून परत पाठवलं. टीव्हीवर मॅच लावली तर बंद कर म्हणाले, अटीतटीची आहे. वयानं माणूस आळशी होतो. मला बरंच आहे म्हणा, आकडा इकडचा तिकडे होत नाही.

२२ मार्च

पिल्लूचा नवा फोटो आला. दोन दात. ठरवलं, मोठा छापून पाळण्याच्या जागी लावायचा. पाळणा ही घेऊन गेली आहे, चार पायांच्या खुणा फरशीवर तशाच आहेत. तिथून चालताना मी बाजूनं जातो.

प्रिंटरनं कपाळ छापलं, भुवया छापल्या आणि दात यायच्या आत कागद चावला. मी समजावलं. झाकण उघडलं, झाकण लावलं. पुन्हा कपाळ. तिसऱ्यांदाही कपाळ. मग त्याला वायरसकट उचलून गॅलरीतून खाली टाकला. वायर भिंतीतून सुटताना बोर्डही बरोबर गेला. खालच्या मजल्यावरचे मास्तर नेमके तिथून जात होते, पण त्यांच्यापासून चांगला वितभर लांब पडला. तरी ओरडत होते. लोकांना सवयच असते.

ताण: हिरवा. लेकीनं अंगठा पाठवला.

२६ मार्च

नंबर एकतीस! जगात! माझ्यावर एक कोणीतरी आहे, रोज मला दोन खुर्च्यांनी मागे टाकतो. त्याचा खातमा करायचा आहे.

अण्णांनी जेवण अर्धं टाकलं. विचारलं तर काही नाही म्हणाले. डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होते. जप असेल.

२८ मार्च

लेकीनं तिकिटं काढली. ही फोनवर स्वतः बोलली, सात आठवड्यांनी. उशांचे अभ्रे धुऊन ठेवा म्हणाली. एवढंच. पण आवाज पूर्वीसारखा होता. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उगाच सगळी कपाटं उघडून बंद केली.

आता नवा रिमोट, नवा स्पीकर, नवा प्रिंटर आणावा लागेल. त्यांना वाटायला हवं की सगळं जिथल्या तिथं होतं.

२९ मार्च, रविवार. हे दवाखान्यात बसून लिहितो आहे.

सकाळी अकराला शेवटची फेरी खेळत होतो. नंबर चार. समोर पूर्ण ऑफिस शिल्लक, वेळ चाळीस सेकंद. फोन वाजला. घड्याळाची सूचना. ताण हिरवाच होता, खाली दुसरंच काहीतरी लाल अक्षरांत होतं. बाजूला सारली. पुन्हा आली. पुन्हा सारली. मग फोन केकाटायलाच लागला, थांबेना, आणि माझा नेम चुकला. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. फोनवर तो तीन वेळा घातला. फोन गप्प झाला. मी दुसरा आलो.

तीच सूचना लेकीच्या फोनवर गेली होती. हृदयाचे ठोके अनियमित, ताबडतोब मदत घ्या. तिनं मला फोन लावला, तो मेलेला. तिनं अँब्युलन्स पाठवली.

दार उघडलं तर दोन आडदांड माणसं. काका, घाबरू नका, म्हणाले आणि मला उचललं. मी ठणठणीत आहे म्हटलं. सगळे असंच म्हणतात म्हणाले. एकानं खांदे दाबले, एकानं पाय. मग माझाही तोल गेला. एकाच्या नाकावर ठोसा बसला, दुसऱ्याच्या हाताचा चावा घेतला. रक्त आलं. स्ट्रेचरवर पट्ट्यांनी आवळून टाकलं मला. प्रेशर घेतलं तर एकशे नव्वद. बघा, म्हणाले.

नाक धरलेल्या माणसानं माझं मनगट पाहिलं. दुसरं पाहिलं. घड्याळ कुठं आहे, असं विचारलं.

मानेनं आतली खोली दाखवली.

अण्णा खुर्चीत होते. सदरा घामानं भिजलेला. उजवा हात छातीवर दाबलेला. डावा हात, घड्याळाचा, समोरच्या उशीवर अलगद ठेवलेला, जराही न हलवता.

३० मार्च

अण्णा वाचले. डॉक्टर म्हणाले, दुखणं तीन दिवसांचं आहे, अंगावर काढलं. घरात कुणी नव्हतं का, असंही विचारलं. होतं, असं मी सांगितलं.

दुपारी भेटायला सोडलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, बोलला का नाहीत म्हणून.

अण्णा हळूहळू सांगायला लागले. घड्याळ कुणाचं ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू समजतोस तेवढा मी बहिरा नाही, म्हणाले. आकडा लाल झाला तर मोजणी पुन्हा एकपासून, हे लेक फोनवर सांगत होती तेव्हा ते खिडकीतच बसले होते. म्हणून फिरणं सोडलं, पत्ते सोडले, मॅच सोडली. छातीत कळ आली की डोळे मिटून श्वास मोजायचे. बारा दिवस तर राहिले होते, म्हणाले. पणती यायची होती ना.

मग मलाच विचारलं, आकडा हिरवा राहिला का रे?

राहिला, म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसलो. रडलो. लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं नाही असं आता ठरवलं आहे.

१ एप्रिल, सकाळी

लेक, ही आणि पिल्लू दवाखान्यात आल्या. माझ्यासाठी नाही, अण्णांसाठी. सामान शेजारच्या मावशींकडे ठेवलं. आधी घरी जाऊन आल्या होत्या. बादलीतला स्पीकर, भिंतीतलं भोक, फोनचा चुरा, सगळं पाहिलं. लेकीनं अण्णांच्या हातातलं घड्याळ काढून स्वतःच्या फोनला जोडलं, माझ्या हातात बांधलं आणि पट्टा दोन भोकं घट्ट ओढला. ही बघत होती. हिच्या हातात धुतलेले अभ्रे होते, अण्णांच्या उशीसाठी.

नवी अट: आकडा हिरवा झाला की नात पाच मिनिटं मांडीवर.

खुर्चीत बसलो. पिल्लू समोर, आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत. दोन नव्हे, तीन दात. अण्णांसारखे डोळे मिटून बोटांवर श्वास मोजले. लाल. नारिंगी. अर्ध्या तासानं पिवळा. जमतंय! मला खरंच जमतंय! लेकसुद्धा फोनकडे बघून एक खुर्ची जवळ सरकली.

म्हटलं, तेवढ्यात सगळ्यांना चहा आणावा.

१ एप्रिल, दुपारी

वॉर्डबाहेर चहाचं यंत्र आहे. बटण दाबलं. कप पडलाच नाही आणि चहा मात्र सुरू झाला. उकळता, धो धो, चपलांवर. मी श्वास घेतला. अण्णा आठवले. दुसऱ्यांदा दाबलं. कप पडला, आडवा. तिसऱ्यांदा नुसतंच गरम पाणी. यंत्राला मी हात लावला नाही. पायानं जरा सांगून पाहिलं. पुढची काच इतकी कच्ची असेल असं वाटलं नव्हतं.

मनगट थरथरलं. कॉरिडॉरच्या त्या टोकाला लेकीचा फोन वाजला. पिल्लू काचेच्या आवाजानं दचकून रडायला लागलं होतं. लेकीनं फोनकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बाळ उचललं, पिशवी उचलली, हिला हाक मारली आणि तिघी पार दाराजवळच्या शेवटच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या.

मी मोजलं. या वेळी वितभर नाही. चौदा खुर्च्या.

उद्यापासून दिवस पहिला.