मोजड्यांचे डोळे

१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड यांतला फरक बाहेरून कसा ओळखायचा? काल आमच्या शीतगृहाच्या मुकादमांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही वनस्पतिशास्त्राची, आणि तोंडात मूग धरून उभी. ते म्हणाले, असू द्या, उन्हाळ्यात कळेलच.

त्यांना एवढं मात्र सांगितलं की ही ऑर्किडं आहेत, फुलाचा आकार बघून आमच्या आत्याने त्यांचं नाव मोजड्या ठेवलं आहे. थंडीत पानं झडतात, मुळ्या आणि डोळे तेवढे उरतात, आणि गार झोप पुरती झाली नाही तर फूल येत नाही. यंदा तुझ्या अंगणात धड थंडीच पडली नाही. इथे ती एकसारखी आहे, अवेळी कोंब फुटायची भीती नाही.

तुझं खोकं नीट पोचलं. बियाण्याच्या बटाट्यांच्या खोलीत, वरच्या फळीवर, पंख्यासमोरची जागा भांडून मिळवली. सगळ्यात चांगला गारवा तिथेच असतो. पिशव्यांची तोंडं उघडून डोळे मोकळे केले आहेत. बटाट्याच्या डोळ्यांना हवा लागते, मग मोजड्यांच्या डोळ्यांनी काय पाप केलं आहे? तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, डोळे झाकून ठेव. इतका विश्वास घरात आजवर कुणी माझ्यावर टाकला नव्हता. आई तर अजून दूधसुद्धा माझ्या भरवशावर गॅसवर ठेवत नाही.

गुडघा काय म्हणतो? दादाकडे लिफ्ट आहे म्हणून फुगून बसली असशील.

माया आहे तेवढी असू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
पंडिता


२ फेब्रुवारी

चि. पंडिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अशीच पत्रं लिहीत जा, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझा दादा मध्येच बोलून घालवतो. ऑपरेशन केलेला गुडघा आता वाकतो. लिफ्टचं कौतुक सांगू नकोस. आत आरसा आहे, दिवसातून चारदा स्वतःचं तोंड बघावं लागतं.

आता खरी बातमी. माझ्या लेकाने, म्हणजे तुझ्या याच दादाने, माझ्या घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. म्हणतो, आई, आता कायमची इथेच राहा. रोज तोच पाढा. शेवटी मी पैज लावली. वसंतात मोजड्या फुलल्या तर मी माझ्या घरी. नाही फुलल्या तर घर त्याच्या हवाली, आणि मी इथल्या गॅलरीत बसून लोकांचे कपडे वाळताना बघणार. तो एका पायावर तयार झाला. त्याला वाटतं, म्हातारीची झाडं म्हातारीसारखीच थकली असतील. ती कुणाच्या हातात आहेत हे तो विसरला.

आणि काय गं, पिशव्यांची तोंडं उघडी ठेवली म्हणे. गंमत करतेस ना माझी? डोळ्यांवर ओलं शेवाळ पसरून पिशवी बांधायची, म्हणून तर लिहिलं होतं, डोळे झाकून ठेव. त्यांना वारा लागला की संपलं. मी वाचून घाबरले, मग लक्षात आलं की पंडिता चेष्टा करते आहे.

वसतिगृहात जेवणाची हेळसांड करू नकोस. घरी गेलीस की आईला माझी आठवण सांग.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र वाचलं आणि तशीच शीतगृहात पळत गेले. शिडी लावून वर चढले. मोजड्यांचे डोळे टणक आणि फिकट असायला हवेत. माझ्या हाताला लागले ते जळलेल्या काडीच्या टोकासारखे. शेवाळ कागदासारखं कडक झालेलं. कोपऱ्यातल्या एका पिशवीवर रिकामं पोतं घसरून पडलं होतं, तिच्यातले दोन डोळे तेवढे शाबूत आहेत. पण तेही इतके बारीक की यंदा फूल येणार नाही.

तिने झाडांबद्दल लिहिलं होतं आणि मी ते स्वतःबद्दल वाचलं. शब्द सरळ होते. पण मला शाबासकी हवी होती, म्हणून मला शाबासकीच दिसली.

याहून वाईट पुढे आहे. परवा मी तिला कार्ड टाकलं, हो आत्या, गंमतच केली, सगळ्या छान झोपल्या आहेत. पोस्टाच्या पेटीत कार्ड पडल्याचा आवाज झाला तेव्हा हात आत घालून ते काढता येईल का, हेही पाहिलं.

दादा, ती पैज मोडून टाक. कारण हवं ते सांग. माझ्या चुकीपायी तिचं घर जायला नको.

रागावलास तरी उत्तर धाड.

तुझी बहीण,
पंडिता


१७ फेब्रुवारी

चि. पंडिता हिस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. उलट, खरं सांगायचं तर पत्र वाचून मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

आईने तुला सांगितलं नसणार. पावसाळ्यात ती अंगणात नळाजवळ पडली होती. उठता येईना. सकाळी पेपरवाला आला तेव्हा त्याने तिला पाहिलं. तिने मला फोनवर सांगितलं की जरा पाय घसरला. खरं काय झालं ते शेजारणीकडून कळलं. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो.

तेव्हा तू गप्प राहा. झाडं जुनी होती, वयाने गेली, एवढं लिही. तिला पटेल, आणि ती तुझ्यावर नाराजही होणार नाही. पैज मी मोडणार नाही. लोक म्हणतील मुलाने घर विकायला लावलं. म्हणू देत. आई डोळ्यांसमोर राहील.

प्रकृतीला जप. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा


३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कार्डावर मी खोटं लिहिलं. ती गंमत नव्हती. मी पिशव्या खरोखरच उघड्या ठेवल्या, डोळे पंख्याच्या वाऱ्यात सुकले आणि मोजड्या गेल्या. दोन डोळे वाचले आहेत, ते शेवाळाखाली झाकून पिशवी बांधून ठेवली आहे. यंदा फूल येणार नाही. इतक्या वर्षांची तुझी झाडं होती. मला क्षमा कर.

दादाला मी हे आधी सांगितलं, तुला नाही, हीसुद्धा चूकच. तो म्हणाला, वयाने गेली असं लिही. मी तसं पत्र लिहिलंही. चार ओळींचं, फार प्रेमळ झालं होतं. वाचून माझाच विश्वास बसायला लागला तेव्हा मी ते फाडलं. दादाला मात्र बोल लावू नकोस. त्याला घराचा लोभ नाही, तो घाबरला आहे. नळाजवळ पडलीस ते मला कळलं. तू ते आम्हांला सांगितलं नाहीस याचा राग येतो. पण त्याने माझी बाजू हलकी होत नाही.

घर ठेवायचं की विकायचं ते तू ठरव, पण मोजड्यांवर नको. ही पैज त्या हरल्या नाहीत, मी त्यांना खेळूच दिलं नाही.

तू एकटी राहू नयेस, हे दादाचं म्हणणं मला पटलं आहे. म्हणून वसतिगृहातली खोली सोडली आणि शेजारणीकडून तुझ्या घराची किल्ली घेतली. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि ते मला सोयीचं वाटलं असतं. इथून कामावर जायला दोन बस लागतात. दादाला कळवलं तर आधी चिडला, मग म्हणाला, छप्पर गळतं का ते बघ. गळतं. आलीस तर सोबत राहीन. नाही आलीस तर तू सांगशील तोवर घर झाडून ठेवीन, आणि गिऱ्हाईक आलं तर दारही उघडीन. मनात राग असेल तर तो पत्रात लिही, गिळू नकोस.

रविवारी माझं सामान मागच्या खोलीत लावलं.

लोभ मागायला सध्या तोंड नाही, तरी तो असावा.

तुझी,
पंडिता