पुढे पळणारी घड्याळं

ता. १९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं; ते कितपत खरं आहे ते पुढे कळेलच. तुमची तब्येत बरी असावी. जेवणाची आबाळ चालली असणार, ते कुणी सांगायला नको.

वहिनीचं पत्र म्हणजे काहीतरी वाईट झालं, असं वाटून दचकला असाल तर आधी दम खा. तुमचे दादा समोरच्या खोलीत बसून कुणाचं तरी घड्याळ उघडतायत. फोन केला असता, पण तुम्ही तो उचलत नाही. शिवाय दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच पडदा, त्यामुळे मी इकडे कुजबुजले तरी तिकडे कान टवकारले जातात. लिहिण्याचा आवाज होत नाही. त्यांनी विचारलंच तर माहेरी लिहितेय म्हणून सांगेन.

बाकी बातम्या म्हणाल, तर दारासमोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय आणि गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत दुकानात येतं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी कुत्रा पाळलाय. तो सगळ्यांना सोडून माझ्यावरच भुंकतो. मी हे नुसती वेळ काढायला लिहितेय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मी संशयी आहे हे काही नवीन नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मला फौजदार म्हणायचात. दादांच्या मांडीतल्या शिरेत गुठळी झाली आणि ती फोडायला ते सूक्ष्म रोबो आत सोडायचं ठरलं, तेव्हाही मी तुम्हाला जेवता जेवता धारेवर धरलं होतं. तुम्ही शांतपणे समजावलंत. खसखशीच्या दाण्याहून बारीक मणी, स्क्रूसारखे पीळ असलेले. बाहेरून चुंबक फिरवलं की ते शिरेतून पोहत जातात, गुठळी पोखरतात आणि काम झालं की त्याच वाटेनं परत येतात. सगळे परत येतात कशावरून, असं मी विचारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, वहिनी, मी मोजून आत सोडतो आणि मोजून बाहेर काढतो. यंत्रावर हात तुमचा असणार म्हटल्यावर मी पुढे बोलले नाही.

त्या दिवशी मी काचेबाहेर बसले होते. तुम्ही स्क्रीनकडे बघत यंत्राची मूठ इकडे तिकडे फिरवत होतात. काम संपल्यावर बाकीचे लोक हातमोजे काढून हसत बोलत बाहेर आले. तुम्ही आलात ते सरळ जिन्याकडे गेलात. एरवी दहा माणसांत मला शोधून आधी चहा मागणारा माणूस माझ्यासमोरून परक्यासारखा निघून गेला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग ते भांडण. घरी आल्यावर दादा म्हणाले, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. का, तर म्हणे, तो मला म्हणाला की आता म्हातारे झालात, हात कापतो, दुकान बंद करा. मला ते पटलं नाही. तुम्ही दादांना असं बोलणं शक्य नाही. पण ते एवढ्या रागानं सांगत होते की मी ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, तुमचा रागही धरला.

त्यानंतर घड्याळं परत यायला लागली. आधी मुख्याध्यापिकाबाई आल्या, म्हणाल्या, तुम्ही दुरुस्त केल्यापासून मी शाळेत शिपायाच्याही आधी पोचते. मग बसचा ड्रायव्हर आला, तो तर भांडायलाच. सगळ्यांची तक्रार एकच, घड्याळ पुढे पळतं. घड्याळ असं पळायला लागलं की आधी चुंबकाचा संशय घ्यायचा, हे इतकी वर्षं पडद्यामागून ऐकून मलाही पाठ झालंय. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकानं धरली की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि काटे धावत सुटतात. म्हणून तर दादा गिऱ्हाइकाला फोन दाराजवळच्या स्टुलावर ठेवायला लावतात. मग आपल्याच दुकानात चुंबक आलं कुठून?

आता माझं डोकं कुठे गेलं असेल ते तुम्हाला कळलंच. चुंबकाच्या तालावर नाचणारे मणी दादांच्या अंगात गेले होते. ते सगळे बाहेर आले नसणार, आणि तुम्हाला ते माहीत असणार. म्हणून तुम्ही माझ्याकडे न बघता गेलात, आणि म्हणून भांडण उकरून काढून घराला पाय लावणं बंद केलंत. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

एका दुपारी दादा जेवून आडवे झाले होते. घड्याळ चुंबकानं धरलंय का ते बघायला ते एक छोटं होकायंत्र वापरतात, ते मी खणातून काढलं आणि पांघरुणावरून त्यांच्या अंगावर धरलं. छातीपाशी काही नाही, पोटापाशी काही नाही. मांडीपाशी नेलं तर सुई गर्रकन फिरली. नवऱ्याच्या अंगात लोखंड शिल्लक आहे आणि ते ठेवणारा माझा दीर आहे, असंच मला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दळण आणते सांगून मी हॉस्पिटलात गेले. तुम्हाला समोर उभं करायचं होतं. तिथे कळलं की तुम्ही यंत्र कधीच सोडलंय आणि खाली सामानाच्या खोलीत हातमोज्यांची खोकी लावत बसता. त्या दिवशी रजेवर होतात ते बरं झालं, नाहीतर मी चारचौघांत तमाशा केला असता. मग थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. सुईचं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. असे हजार मणी एका जागी ठेवले तरी सुई हलणार नाही, म्हणाल्या; हलली असेल तर दुसऱ्याच कशानं तरी. मग म्हणाल्या, "एक मणी शिरेच्या घडीत अडकून राहिलाय, ते तुमच्या मिस्टरांना त्याच दिवशी सांगितलंय. तुम्हाला माहीत नाही?"

मी माहीत असल्यासारखी मान डोलावली. भाऊजी, इतकं परकं मला या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी पडदा सारला आणि काहीही न बोलता होकायंत्र त्यांच्या मांडीजवळ नेलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि दुकानाचं दार लावायला सांगितलं. मांडीला इलॅस्टिकचा पट्टा होता आणि त्यात जुन्या स्पीकरमधलं चुंबक शिवलेलं. टाके इतके बारीक की मलाही जमले नसते. कामाचा खण बरोबर त्याच्यावर येतो. दुरुस्त झालेलं घड्याळ खणात पडलं की चुंबक त्याला धरायचंच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"त्या मण्याला धरून ठेवलंय. सुटला आणि वर छातीकडे गेला तर काय करायचं?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं असं करायला?"

"नाही."

"आणि लोकांची घड्याळं?"

"घड्याळं परत लावता येतात गं," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. एक मणी राहिल्याचं तुम्हीच त्यांना त्या संध्याकाळी रडत सांगितलंत. राहिला तरी सहसा काही होत नाही, हेही सांगितलंत. त्यांनी तुम्हाला शपथ घातली की वहिनीला कळता कामा नये. ते भांडण तर खोटंच. म्हणाले, "त्याला तुझ्यासमोर खोटं बोलता येत नाही. तू ताट वाढून दोन प्रश्न विचारले असतेस तर त्यानं सगळं ओकलं असतं. म्हणून त्यालाच घरी येऊ नको म्हटलं." मला इतका राग आला की मी आत जाऊन भांडी आपटली. धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. भीती वाटत होती, म्हणून राग जास्त येत होता.

म्हणजे संशय खरा होता, पण तो मी चुकीच्या माणसावर घेतला होता. तुम्हाला मनात जे बोलले ते सगळं मी परत घेते. ह्यांना मात्र तोंडावर बोलले आहे आणि ते परत घेणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. पट्ट्यानं घोटाळा केलाय. मणी एका जागी दाबला जाऊन तिथली शीर सुजली आहे आणि पाय खाली सोडला की जांभळा पडतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता तो काढायलाच हवा, नाहीतर पुन्हा गुठळी होईल आणि ती कुठे जाईल सांगता येत नाही. येत्या मंगळवारची वेळ दिली आहे. यंत्रावर एक नवी मुलगी आहे, तिचा हात चांगला आहे म्हणे. दादा ठाम नाही म्हणतात. यंत्रावर माझा भाऊ असेल तरच आत जाईन, हे एकच पालुपद. बाईंनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हात कापतो म्हणून नकार दिलात, तेही मला कळलं.

ते तुमच्यावर एवढे अडून का बसलेत, याचाही मला संशय आला. भीती लपवायला तुमचं नाव पुढे करत असतील असं वाटलं. काल सरळच विचारलं. म्हणाले, "दुसऱ्या कुणी काढला तर माझा पाय बरा होईल. पण तो पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही. मी त्याला ओळखत नाही का?"

म्हणून आज हे पत्र.

तुमचा हात कापणार नाही असं मी म्हणत नाही. माझाही हे लिहिताना कापतोय, अक्षरावरून दिसेलच. तुम्ही आलात तर ते आत जातील. नाही आलात तर त्यांना ओढून नेण्याची ताकद माझ्यात नाही. चुंबक मी काढून घेतलंय आणि ते कुठे ठेवलंय ते कुणालाही सांगणार नाही.

एकच अट आहे. मंगळवारी मणी निघो वा न निघो, बाहेर येऊन आधी मला सांगायचं. ह्यांनी कितीही शपथा घातल्या तरी मलाच आधी. वाईट असेल तर वाईट सांगा, मी तिथेच बसलेली असेन.

दोघांवरही अजून पुरता विश्वास न बसलेली, आणि तरीही मंगळवारी तीन माणसांचा स्वयंपाक करून ठेवणारी,

तुमची वहिनी