मामंजींची डिझेल जीप

मामंजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला लिहायचं मला आज सुचलं. कारण अगदीच फुटकळ आहे. सकाळी नातवाच्या गाडीतून बँकेत निघाले होते. वाटेत पंपावर त्यानं काच खाली केली तसा डिझेलचा वास आत आला. "आज्जी, नाक धर," म्हणाला तो. मी कशाला नाक धरतीय? चांगला छातीभर वास घेतला. मग बँकेत सही करतानासुद्धा चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता वही ओढली आणि लिहायला बसले.

मी बेळगावच्या शहापूरची, विणकराची लेक. घरात माग, दारात माग, गल्लीत माग. चाकाची वस्तू म्हणजे काय ती वडिलांची सायकल. सून म्हणून तुमच्या घरी आले तेव्हा खानापूरच्या पलीकडचं ते गाव, ओढ्याच्या पल्याडची चार-दोन घरं आणि अंगणात उभी तुमची जीप बघून मला रडूच आलं होतं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, तिचं पेट्रोलचं इंजिन काढून कोल्हापुरातून डिझेलचं बसवून आणलेलं. सुरू झाली की चुलीवरची भांडी थरथरायची. तुमचे चिरंजीव लष्करात, कायम कुठल्या तरी सरहद्दीवर. घरात तुम्ही, आत्या आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे आणि त्या जीपला सवत म्हणायच्या. "सकाळी उठून आधी तिचं त्वांड बघत्यात, मग माझं," हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलं. खोटं नव्हतं ते. तुम्ही उठल्या उठल्या फडकं घेऊन बॉनेट उघडायचात, फिल्टरच्या तळाचं पाणी सोडायचात, हवा गाळायच्या भांड्यातलं तेल बघायचात. पावसाळ्यात आमच्या बाजूचा चिखल म्हणजे काय सांगायचं! एस.टी. मोठ्या रस्त्यालाच थांबायची. कुणाची बाळंतीण, कुणाचं भाताचं पोतं, कुणाचा नवरदेव, सगळं तुमच्या जीपमधूनच ओढ्यापार व्हायचं.

डिझेलचा काटा तिच्यात कधी चाललाच नाही. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलायची, वेळूची काठी आत बुडवायची, काठी किती ओली झाली ते बघायचं आणि निघायचं. पंचांग बघावं तशी तुम्ही ती काठी उन्हात धरून बघायचात. निपाणीला निघालो त्या दिवशीही बघितलीत. "निपाणीला जाऊन यील," म्हणालात. माझी नणंद निपाणीला दिलेली, तिच्याकडं नवे तांदूळ पोचवायचे होते. मी शेजारी बसले होते. निपाणी जवळ आली, तंबाखूचा वास नाकाला झोंबायला लागला आणि हायवेच्या कडेला जीप खोकून गप्प झाली. टाकी कोरडी ठणठणीत.

मागं कॅनमध्ये जादा डिझेल असायचंच, ते ओतलंत. मी म्हटलं, झालं, चला आता. तुम्ही हसलात. "पेट्रोल न्हाय गं हे, वतलं की पळाय. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरती, एअर धरलीया तिनं. ती काढाय पाहिजे." बॉनेट उघडून तुम्ही पाना घेतलात आणि फिल्टरवरचा तो बारका स्क्रू शोधायला लागलात. शोधताय, शोधताय. तुमची बोटं स्क्रूच्या अवतीभवती फिरत होती आणि स्क्रू लख्ख समोर होता. ज्या माणसानं ते इंजिन रोज पुसलं त्याला तो दिसत नव्हता! सकाळी काठीसुद्धा तुम्हाला दिसली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं.

"मामंजी, दिसंना व्हय तुम्हाला?"

तुम्ही फडक्यानं हात पुसलेत. मग म्हणालात, "धुक्यागत दिसतंय. तुझ्या आत्याला सांगू नगंस. गाडी इकायला लावंल."

मी पदर खोचला आणि पाना तुमच्या हातातून घेतला. मागावरचं तुटलेलं सूत सांधणारी बोटं माझी, बारक्या कामाला घाबरणारी नव्हेत. तुम्ही सांगत गेलात, मी करत गेले. स्क्रू सैल केला, हाताचा तो चिमुकला पंप दाबायला लागले. बुडबुड करत फेस आला.

"फेस हाय का गं अजून?"

"हाय."

"मग मार पंप. निव्वळ डिझेल याय पाहिजे, काचंवानी. मग आवळ."

फेस थांबला, धार स्वच्छ झाली, मी स्क्रू आवळला. जीप धडधडली तशी मी रस्त्यातच टाळ्या पिटल्या. नणंदेकडं गेले ती कोपरापर्यंत डिझेल माखून, पण निपाणीच्या तंबाखूपुढं माझा वास कुणाला कळतोय!

परतीच्या वाटेवर मी जीव मुठीत धरून बसले होते. घराजवळ आल्यावर म्हटलं, मामंजी, आत्यांना सांगत नाही, पण मला चालवायला शिकवा. तुम्ही गाडी थांबवलीत आणि माझ्याकडं बघत राहिलात, म्हणजे माझा चेहरा जिथं असेल तिकडं.

सुगी झाल्यावर मोकळ्या शेतात शिकले मी. बांधावर गावातली पोरंसोरं, बाया, झाडून सगळे तमाशाला. क्लच सोडला की जीप बेडकासारखी उडी मारायची आणि हशा पिकायचा. तुम्ही शेजारी बसून म्हणायचात, "त्येंच्याकडं कशाला बघतीस? इंजान काय म्हणतंय ते ऐक." आवाज ऐकून गिअर बदलायला तुम्ही शिकवलंत. डोळ्यांनी हात टेकले तेव्हा तुम्ही स्वतः कानांवरच गाडी हाकत होतात, हे मला फार उशिरा उमगलं. तुमच्या डोळ्यांचं फार दिवस झाकून राहिलं नाही; आत्यांनी अबोला धरला. "सून केली का डायवर ठेवला?" एवढं एक वाक्य त्या भिंतीला ऐकवायच्या. पण शेजारची पोर तापानं फणफणली तेव्हा जीपमध्ये माझ्याआधी जाऊन बसल्या त्या आत्याच.

खरं सांगते मामंजी, त्या जीपनं मला माणसात आणलं. ओढ्यापलीकडं पावसाळाभर कोंडून पडणारी मी, आता नंदगडच्या बाजाराला माझ्या मनानं जायला लागले. बाया मला हाक मारून थांबवायच्या. म्हणूनच दसऱ्याच्या रजेवर तुमचे चिरंजीव आले आणि "आप्पांचे डोळे गेले, आता गाडी कुणासाठी ठेवायची? विकून टाकू, गिऱ्हाईक बघून ठेवलंय," म्हणाले तेव्हा माझी तव्यावरची भाकरी करपली. मी काय बोलणार? गाडी तुमची, निर्णय त्यांचा. मी आपली सून.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, जॅक, हॅण्डल घासूनपुसून पाटावर मांडले होते. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ. आमच्याकडची रीत अशी की ज्याच्या हातात गाडी त्यानं नारळ फोडायचा. ह्यांनी हात पुढं केला. तुम्ही नारळ घेतलात, चाचपडत दोन पावलं आलात आणि माझ्या ओंजळीत ठेवलात.

"अगं बया!" आत्या ओरडल्याच. "बाईमाणसानं नारळ फोडायचा असतोय व्हय?"

"बाईनं एअर काढल्याली चालती, शेजारच्या पोरीला डागदराकडं न्हेल्याली चालती, मग नारळानंच काय घोडं मारलंय? फोड गं पोरी."

मी नारळ दगडावर आपटला. पहिल्या दणक्याला फुटला नाही. दुसऱ्याला असा फुटला की पाणी थेट ह्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर. मग हेच खो खो हसत सुटले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "आप्पांचे डोळे बरे होईस्तवर ऱ्हाऊ दे गाडी."

होईस्तवर! त्या एका शब्दावर माझं सगळं टांगलेलं. तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. तो पिकला, बेळगावला ऑपरेशन झालं. डोळ्यांना पट्टी, मान हलवायची नाही, शेजारी आत्या आणि मी. मग पट्टी निघाली आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा तुमच्या नाकावर चढला. आधी आत्यांना बघितलंत. "म्हातारी झालीस की गं!" त्या लाजल्या आणि रडल्या. मग माझा हात धरून जवळ घेतलात, उलटासुलटा करून बघितलात. नखांत काळं, बोटांवर पान्याचे घट्टे. "लई काम केलंस पोरी," एवढंच म्हणालात. मला इतकं भरून आलं की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

खाली आवारात जीप उभी होती. आत्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता तुमची गाडी तुमी हाका." मी किल्ली कमरेची काढून पुढं केली. हसून केली, पण मूठ लवकर उघडेना. तुम्ही किल्ली घेतली नाहीत. जीपभोवती एक चक्कर मारलीत, एकेक पोचा बघितलात. "ह्यो कुठला?" "बाजारातला. बैलगाडी आडवी आली." "आन् ह्यो?" "तो तुमचाच जुना." उजव्या बाजूला दारापाशी थांबलात, स्टिअरिंगवरून हात फिरवलात. मग तुम्ही पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आलात, आत चढून बसलात आणि धोतर सावरत म्हणालात, "चल की. किती येळ हुबी ऱ्हाणार हाईस?"

वाटेत मी इंजिन ऐकत गिअर बदलत होते. आत्या मागं डुलक्या घेत होत्या. गावच्या ओढ्यात अजून पाणी होतं, पलीकडचा चढ निसरडा. मी गाडी थांबवली, पुढची चाकं जोडायच्या बारक्या दांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "मामंजी, फोर व्हील टाकू का?" तुम्ही त्या जाड काचांतून पाणी बघितलंत, चढ बघितलात, माझ्याकडं बघितलंत. "टाक," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही होतात तोवर आपण त्या ओढ्यातून किती वेळा आलो-गेलो, आणि तुम्ही नेहमी डावीकडंच बसलात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवू? पण एक सांगायचं राहिलंय. फोर व्हील कधी टाकायचं ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. तरी दर खेपेला ओढ्याशी गाडी थांबवून मी तुम्हाला विचारायचे, कारण तुम्ही "टाक" म्हणालेलं मला ऐकायचं असायचं.