दलदलीतले कोरडे बूट

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन वर्ष झालं, हे पत्र कुठे टाकणार? तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लष्करासाठी नकाशे काढायला तुम्ही तळ्यापलीकडे जायचात. "तिथं नुसती दलदल आहे," म्हणून आम्हाला कधी नेलं नाहीत. पण घरी येताना बूट कोरडे! पलीकडे दुसरी बाई आहे, हा संशय आईनं जन्मभर उराशी बाळगला.

आज लष्कराचे जुने गुप्त नकाशे लोकांसाठी खुले झाले. साध्या नकाशात जिथं दलदल, तिथंच गुप्त नकाशात दारूगोळ्याचं कोठार. दोन्हींखाली तुमची सही.

आईनं चष्मा दोनदा पुसला. "एवढंच होतं होय!" म्हणाली आणि हसत सुटली.

उद्या तिला तुमची दलदल बघायचीय. नव्या चपला घालून येणार आहे.

तुमची,
धाकटी