चाळीस सेकंदांची भेट

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच! मुलाखतीत बाईसाहेब सांगतात— मला पोहायला कुणी शिकवलं नाही, एकटीच शिकले. एकटीच? सोळा वर्षांपूर्वी पाण्यात तोंड घालायला घाबरायची, तेव्हा हनुवटीखाली हात धरून उभी मी होते! तीस वर्षं तलावावर मुलांना शिकवतेय. एक मुलगी नावारूपाला आली आणि तीच मला विसरली. डोकं फिरलंय माझं.

४ नोव्हेंबर
रविवारी तिला भेटायचा कार्यक्रम आहे, मोठ्या हॉटेलात. तिकीट काढलं. प्रत्येकाला चाळीस सेकंद, एक फोटो, एक सही. हे म्हणाले, चिठ्ठी पाठव की त्यापेक्षा. कशाला? सगळ्यांसारखी रांगेत उभी राहीन आणि चारचौघांत तिच्याकडून वदवून घेईन.

७ नोव्हेंबर
तिच्याशी काय बोलायचं त्याची तालीम. ह्यांनी घड्याळ धरलं. पहिल्यांदा दोन मिनिटं लागली. "एवढ्यात तुला उचलून बाहेर ठेवतील," हे म्हणाले. काटछाट केली. आता बावीस सेकंद. उरलेले अठरा तिच्या उत्तराला.

८ नोव्हेंबर
गुडघा ठणकतोय. तरी जाणार.

९ नोव्हेंबर
तीन तास रांग. आयोजकांकडे काम करणारी एक मुलगी सारखी बजावत होती— फोटो काढा, पुढे चला, बोलत बसू नका. माझ्या पुढचे गृहस्थ त्यांचे चाळीस सेकंद नुसते रडले. मी नाही रडणार, म्हटलं.

समोर गेले तर तीच उठून उभी राहिली. "बाई!" ओळखलं की! पाठ केलेलं सगळं उडालं. एवढंच विचारलं— कुणी शिकवलं नाही म्हणतेस, मग मी कोण?

ती हसली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. "बाई, महिनाभरातच तुम्ही माझं नाव कापलंत. तीनदा उशीर झाला म्हणून. धाकट्या भावाला शाळेत सोडून यायचे मी. मग वर्षभर कुंपणाबाहेर उभी राहून ऐकायचे, तुम्ही बाकीच्यांना काय सांगता ते. आणि नदीवर जाऊन तसं करून बघायचे."

ती हळूच म्हणाली, "तुमचं नाव मुद्दामच घेत नाही. घेतलं तर हेही सांगावं लागेल."

फोटो निघाला. वेळ संपला. त्या मुलीने कोपराला धरून मला बाजूला केलं.

१० नोव्हेंबर
ह्यांनी विचारलं, काय म्हणाली? ओळखलं म्हटलं. पुढचं सांगवेना. मला खरंच आठवत नाही! तीनदा उशीर की नाव कट, हा माझा नियम. इतकी नावं कापली, एकेक कुठून आठवणार? लाज वाटते.

११ नोव्हेंबर
गेल्या महिन्यात एकीचं नाव कापलं होतं. संध्याकाळच्या वर्गाआधी तिच्या घरी गेले. आईला म्हटलं, उद्यापासून पाठवा, उशीर झाला तर झाला. आई गोंधळली. "पण बाई, ती तर रोज तलावावर येते. आत्ताच गेली."

तशीच निघाले. फाटकातून आत न जाता कुंपणाला वळसा घातला.