भुऱ्याची लस

ताई,

तुझी आई आता थोड्याच दिवसांची सोबती आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "भुऱ्याला ताईकडे पाठवा. तुम्हाला स्वतःचा चहा धड करता येत नाही, कुत्रा काय सांभाळणार?" ती जायच्या आधी मी तिला हो म्हणालो होतो.

काल तू विचारलंस, तेव्हा त्याचे सगळे कागद तयार आहेत असं मी सांगितलं. ते खोटं होतं. परदेशी न्यायचं तर आधी मानेत ओळखीची चिप बसवायची आणि मग रेबीजची लस द्यायची. माझ्याकडून लस आधी झाली, चिप नंतर. अशी लस तिकडे ग्राह्य धरत नाहीत, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हाच पुन्हा टोचली असती तर भागलं असतं. पण तो आणखी काही दिवस घरात राहील, म्हणून मी गप्प बसलो. डॉक्टर म्हणालेही, "काका, कुत्र्याला पाठवताय की लपवताय?"

सकाळी तुझ्यासमोर बसायला तोंड नव्हतं, म्हणून तू उठायच्या आत त्याला घेऊन दवाखान्यात जातोय. लस आज होईल. पुढे एकवीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे परवा तो तुझ्याबरोबर येऊ शकणार नाही. मला माफ कर.

विमान कंपनीला अजून कळवलेलं नाही. त्याला पिंजऱ्याची सवय लावली म्हणालो होतो, तीही लावलेली नाही. तू पाठवलेला पिंजरा अजून खोक्यातच आहे.

बाबा